नाना, टाकी रिकामी झाली होती

नाना,

तुम्ही स्वतःच्या हट्टाने गेलात, असं लोक म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही. भेटायला येतात, फोटोसमोर हात जोडतात, जरा वेळ टेकतात, आणि निघताना मंगेशला दारात गाठून हळूच विचारतात, "गाडीचं ब्रेकचं काम नानांनी घरीच केलं होतं म्हणे?" मंगेश मान हलवतो. मग ते म्हणतात, "वय झालं होतं रे. आताच्या गाड्या म्हणजे सगळा कॉम्प्युटर. जुन्या माणसाने त्यात हात घालायचा नसतो." आणि चपला घालून निघून जातात.

एकवीस दिवस मी हे ऐकतेय.

बत्तीस वर्षं तुम्ही बस डेपोच्या वर्कशॉपात ब्रेक बघितले. तुमच्या हाताखालून गेलेली एकही गाडी ब्रेकच्या तक्रारीसाठी परत आली नाही, हे तुम्ही स्वतः कधी सांगितलं नाहीत. तुमच्या वर्कशॉपातल्या गावितकाकांनी सांगितलं म्हणून मला कळलं. त्या बत्तीस वर्षांचं आता हे असं झालंय. आणि खरं काय ते जिला माहीत आहे, ती मी, आतल्या दाराशी उभी राहून ऐकत असते.

मंगेशला सांगायला मला सतरा दिवस लागले. ते पुढे सांगते. आधी तुम्हाला सांगायला हवं, कारण विचारलं तुम्ही होतंत. सरळ विचारलं होतंत, आणि मी तुमच्याशी खोटं बोलले.

मी या घरात आले तेव्हा सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. दोन पुरुषांचं घर. माहेरी सगळ्यांनी मला घाबरवून पाठवलं होतं, सासरा म्हणजे अमुक आणि तमुक. तुम्ही पहिल्याच महिन्यात विचारलंत, "गाडी चालवता येते का?" मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तुम्ही किल्ली वाजवत उभे. मैदानावर नेलंत, मला स्टिअरिंगमागे बसवलंत आणि अर्धा तास गाडी सुरूच करू दिली नाहीत. नुसता ब्रेक दाबायला लावलात. मी कंटाळले तेव्हा तुम्ही तुमच्या नामपूरच्या बोलीवर आलात, "पळाडता कोनले बी येस. थांबाडता येवाले जोयजे." पळवता कोणालाही येतं, थांबवता यायला हवं. ती बोली मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे तुम्ही खूश असलात किंवा खूप चिडलात की ती बाहेर यायची, आणि कुठलं कारण आहे ते मला आवाजावरून कळायला लागलं.

मंगेशला या कामांची आवड नाही. त्याला हात काळे झालेले चालत नाहीत. आणि ब्रेकचं ऑईल बदलायचं काम एकट्याने होत नाही. एक माणूस चाकाशी लागतो आणि एक पेडलवर. म्हणून तुम्ही मला पेडलवर बसवलंत. मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात, कारण ते सगळ्यात लांबचं. तुम्ही खाली गोणपाटावर बसायचात, निपलला, म्हणजे चाकामागच्या ऑईल सोडायच्या बारीक तोटीला, सलाईनची नळी लावायचात, नळीचं दुसरं टोक बाटलीत. मग तुमचा आवाज यायचा.

"दाब."

मी दाबायची.

"धर."

तुम्ही निपल सैल करायचात, पेडल माझ्या पायाखाली हळूहळू खाली जायचं, आणि तिकडे नळीतून काळपट ऑईल बाटलीत पडायचं.

"सोडू नको. सोडू नको हां. हं, आवळलं. सोड."

तुम्ही निपल आवळायच्या आत मी पाय उचलला तर हवा उलटी आत जाणार. म्हणून तुमच्या शब्दाशिवाय पाय हलवायचा नाही. सगळ्या घरात तुमचं माझ्याशी मोजकंच बोलणं, पण त्या दोन तासांत आपण शेकडो वेळा एकमेकांशी बोलायचो. दाब, धर, सोड. मला ते काम आवडायचं, नाना. तुमच्यासमोर सून म्हणून बसले आहे असं तेव्हा वाटायचं नाही. आपण दोघं काहीतरी मिळून करतोय असं वाटायचं. माझ्या वडिलांनी मला कुठल्या कामात असं बरोबरीने घेतलं नव्हतं. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. आता बोलते आहे तर त्याला काही अर्थ उरला नाही.

माझं दुसरं काम टाकी बघायचं. बॉनेटखालची ती मुठीएवढी पांढरी टाकी. खालून जुनं ऑईल जाईल तसं वरून नवं भरत राहायचं. दर दहा वेळा दाबून झालं की मी उतरायचं, टाकी बघायची, भरायची, परत बसायचं. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत, "बसचा ब्रेक हवेवर चालतो, कारचा हवेनं मरतो. टाकी रिकामी झाली की हवा आत गेली."

नवी गाडी आली तेव्हा आपला वाद झाला होता, आठवतो? गाडीला एबीएस होतं, जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारं. मी मोबाइलवर कुठलातरी व्हिडिओ बघितला आणि तुम्हाला म्हणाले, "नाना, एबीएसवाल्या गाडीचे ब्रेक घरी करायचे नसतात. कॉम्प्युटर जोडावा लागतो." तुम्ही चिडला नाहीत. दोन दिवस कुठे कुठे जाऊन विचारून आलात आणि मला समोर बसवून सांगितलंत. ऑईल बदलायची पद्धत तीच. टाकी रिकामी होऊ दिली नाही तर कॉम्प्युटर लागत नाही. रिकामी झाली तर मात्र हवा एबीएसच्या ठोकळ्यात जाऊन बसू शकते, आणि ती अशी नुसती दाबून निघत नाही; तिथे कॉम्प्युटरनेच आतला पंप फिरवावा लागतो.

"मग ती हवा आहे की नाही हे कळणार कसं?" मी विचारलं.

"कळत नाही, तीच तर भानगड," तुम्ही म्हणालात. "पेडल कडक लागतं. रोज चालवताना काही वाटत नाही. ज्या दिवशी चाक घसरतं आणि एबीएस चालू होतं, त्या दिवशी ती हवा बाहेर येते आणि पाय खाली जातो."

नाना, हे मला माहीत होतं. अडाणीपणाने झालं असं म्हणायची सोय मला नाही. शब्द न् शब्द माहीत होतं.

तरी तुम्हाला एबीएस फारसं पटलेलं नव्हतंच. "ते घाबरलेल्या माणसासाठी," असं म्हणायचात. मी म्हणायची, "न घाबरणारा माणूस कुठे असतो, नाना?" तुम्ही म्हणायचात, बघ शोधून. हा वाद आपण किती वर्षं घातला. तो कधी संपवायचा नव्हताच आपल्याला.

त्या रविवारचं सांगते.

गावितकाकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नाशिकला ठरलं होतं. तुमचे वर्कशॉपचे जोडीदार, निवृत्त होऊन हरसूलला शेतीवर गेलेले. ऑपरेशननंतर ते आपल्याकडे राहणार आणि मग तुम्ही त्यांना गाडीने घरी सोडणार, असं तुम्ही परस्पर ठरवून टाकलं होतंत. "डोळ्यात धूळ जायला नको, बसने कशाला जातो?" आणि मग मला म्हणालात, "वैशाली, घाटात जायचंय. दोन वर्षं झाली ऑईल बदलून. पाणी धरलं असेल त्यानं. घाटात ब्रेक तापला की ते उकळतं. रविवारी उरकून टाकू."

म्हणजे ते काम तुम्ही गावितकाकांच्या जिवासाठी काढलं होतंत. काढलं नसतंत, तर जुन्या ऑईलवर तुम्ही दोघं सुखरूप पोचला असतात. हे वाक्य माझ्या डोक्यात दिवसातून किती वेळा येतं ते सांगता येणार नाही.

मागचं डावं चाक झालं. मागच्या उजव्याला तुम्ही बसलात. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका खाली आले आणि कंबरेवर हात ठेवून बघत उभे राहिले. "सुनेला कामाला लावलंत होय?" ते म्हणाले. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "माझ्या हाताखाली वर्कशॉपात वीस पोरं आली न् गेली. हिच्याइतकं कोणी धड नव्हतं. हिनं टाकी बघितली म्हणजे मला बघावी लागत नाही."

नाना, मी लाजले. आनंदाने लाजले. इतकं चांगलं तुम्ही माझ्याबद्दल माझ्यादेखत कधी बोलला नव्हतात.

काका गेले आणि माझ्या बहिणीचा फोन आला. इअरफोन कानात घातला आणि पाय पेडलवर. तिच्या दिराचं लग्न, तिला साडी ठरवायची होती. डाळिंबी की मोरपिशी. मी दाबत होते, धरत होते, सोडत होते आणि तिला सांगत होते की डाळिंबी तुझ्यावर उठून दिसते. मोजणं राहून गेलं. दहा झाले, पंधरा झाले की आणखी किती, मला आजही सांगता येणार नाही. एकदम पेडल हलकं लागलं. मी फोन ठेवला, उतरले, बॉनेटखाली बघितलं. टाकीच्या तळाशी ओल होती, बाकी काही नव्हतं.

मी बाटली उचलली आणि भरली. घाईत थोडं ऑईल बाहेर सांडलं, ते पाण्याने धुतलं. तुम्ही चाकामागे होतात, तुम्हाला दिसलं नाही. मी परत जाऊन बसले.

"दाब," तुम्ही म्हणालात. मग, "धर." मग, "आज बुडबुडे का येताहेत एवढे?"

मी पेडल धरून ठेवलं.

"वैशाली, टाकी बघतेस ना?"

"हो नाना. बघतेय."

तेवढंच. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. माझ्यावर तुमचा विश्वास होता म्हणून तुम्ही दोष दुसरीकडे शोधलात. नळी बघितलीत, निपल पुसून बघितलं. मग "जाऊ दे, पहिल्यापासून घेऊ" म्हणालात आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठलात. चारही चाकं परत. तुमचे गुडघे किती दुखायचे ते मला माहीत होतं, तेल मीच द्यायची. तरी मी तुम्हाला चारही चाकांशी पुन्हा बसू दिलं आणि तोंडातून शब्द काढला नाही. नळीतला शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत तुम्ही थांबलात. मग स्वतः सीटवर बसून पेडल दाबून बघितलंत. इंजिन चालू करून बघितलंत. गेटपर्यंत जाऊन दोनदा थांबवून बघितलंत. पेडल दगडासारखं कडक होतं.

"झकास," तुम्ही म्हणालात.

आणि मीही स्वतःला तेच सांगितलं. पेडल कडक आहे. निघाली असेल हवा. रात गई बात गई.

पुढचे बारा दिवस ती गाडी मीच चालवली. मुंबई नाक्याच्या गर्दीतून रोज ऑफिसला गेले, लेकीला, सईला क्लासला सोडलं. एकदाही जोरात ब्रेक मारायची वेळ आली नाही. एकदा जरी आली असती! तुमच्याऐवजी मी असते, किंवा निदान आपल्याला कळलं असतं. सई मागे बसलेली असायची हे आठवलं की मात्र माझी ती इच्छाही धड पुरी होत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मी तुम्हाला थांबवलं होतं, नाना. तेवढं तरी तुमच्या लक्षात होतं का? गावितकाका काळा चष्मा लावून पुढे बसले होते. मी डबा दिला आणि खिडकीशी वाकून म्हणाले, "नाना, घाटात जाताय. जाता जाता सातपूरला कोणाकडे तरी कॉम्प्युटर लावून बघा ना एकदा."

तुम्ही हसलात. "का गं? टाकी रिकामी झाली होती का?"

तुम्ही थट्टेत विचारलंत. पण विचारलंत. देवाने मला दुसऱ्यांदा तोंड उघडायची संधी दिली, गावितकाकांसमोर, सकाळच्या उन्हात, आणि मी काय म्हणाले? "नाही हो, आपलं सहज." कारण आता सांगायचं म्हणजे त्या दिवशीचं खोटंही सांगावं लागणार होतं. तुम्ही गिअर टाकलात. "संध्याकाळी येतो," म्हणालात.

घाटात काय झालं ते मला गावितकाकांनी सांगितलं. पंधराव्या दिवशी ते आले, हात गळ्यात अडकवलेला. मंगेश कामावर होता. येताना एका हाताने नागलीच्या पिठाची पिशवी घेऊन आले होते, तुम्हाला नागलीची भाकरी आवडायची म्हणून. "सवयीनं आनली," म्हणाले आणि पिशवी कुठे ठेवावी ते त्यांना कळेना.

मग बसले आणि आपणहून बोलायला लागले. "हरसूलच्या अलीकडं रस्त्याचं काम चाललंय. वळनावर सगळी खडी सांडलेली. समोरून पिकअप आली, पार आमच्या अंगावर. नानानं ब्रेक मारला. खालून घरघर झाली, ती एबीएसची, ती मला ठावी हाय. आन् नाना म्हनला, 'गावित, पाय खाली गेला.' एवढंच म्हनला. मंग परत मारला. तवर मोरीचा कठडा आला व्हता. नानाच्याच बाजूनं गाडी घासत गेली."

मी त्यांच्या हातातली पिठाची पिशवी घेतली.

"लोक म्हनतात, म्हाताऱ्याचा ताबा सुटला," ते म्हणाले. "पंचनाम्यात बी तेच लिवलंय. मी सांगून थकलो, नानाचा पाय चुकला नाय. एबीएसच्या गाडीत ब्रेक पंप करायचा नाय, एकदा दाबायचा न् दाबूनच ठेवायचा, हे नानानंच मला शिकवलं. त्यो दोनदा मारल का उगाच? पयला खाली गेला म्हनून दुसरा मारला. हवा व्हती आत. पन मला हेच समजत नाय बाई, नानाच्या हातून हवा राहती कशी? पंधरा दिस झोप नाय मला."

मी त्यांना सांगितलं. फोन, साडी, टाकी, तुमचा प्रश्न, माझं उत्तर. काही ठेवलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी काळा चष्मा काढला आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिले. त्या डोळ्यातून पाणी येत होतं. ते रडत होते की डोळाच गळत होता, मला कळलं नाही.

"तू सांगितलं असतं," ते म्हणाले, "तं नाना रागावला असता का?"

"नाही."

"नाय. म्हनला असता, चल, कॉम्प्युटरवाल्याकडं नेऊ. आन् वर तुलाच च्या पाजला असता."

"काका, नक्की त्यामुळेच झालं असेल का?"

वाटलं होतं, ते नाही म्हणतील. कोणीतरी एकदा नाही म्हणावं म्हणून जीव आसुसला होता. पण ते तुमचे जोडीदार. ब्रेकच्या बाबतीत त्यांना खोटं बोलता येत नाही.

"होऊ शकतं," ते म्हणाले. "नक्की आता कोन सांगनार? गाडी तर चेपली, घेऊन बी गेले. पन होऊ शकतं."

ते उठले. दारात थांबून म्हणाले, "मी कोनाला बोलनार नाय. बोलायचं तं तू बोल. पन नानाला इथं नावं ठेवतात, ती बसून ऐकायची ताकद माझ्यात नाय. म्हनून मी आता येनार नाय या घरी." जिन्यात मी त्यांच्या दुसऱ्या हाताला आधार द्यायला गेले तर त्यांनी हात काढून घेतला. रागाने नाही. नुसताच काढून घेतला.

त्यानंतर दोन दिवसांनी मंगेशला सांगितलं. तो तुमचं कपाट आवरत होता. तुमच्या स्वेटरची घडी घालत म्हणाला, "गॅरेजला द्या म्हणून किती वेळा सांगितलं होतं. ऐकलं असतं तर आज असते." रागाने म्हणत होता, पण स्वेटर तोंडाशी धरून. मला ते बघवेना. मी खाली फरशीवर बसले आणि बोलले.

त्याने ओरडावं, वस्तू फेकाव्यात, मला माहेरी जा म्हणावं, सगळ्याची मी तयारी केली होती. तो स्वेटर मांडीवर घेऊन ऐकत राहिला. मग विचारलं, "गावितकाकांना माहीत आहे?"

"हो."

"आणखी कोणाला?"

"नाही."

तो बाथरूममध्ये गेला. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आला तेव्हा चेहरा पुसलेला होता. म्हणाला, "आता कोणाला सांगू नकोस."

"मंगेश, लोक नानांना..."

"नाना गेले. त्यांना आता काही लागत नाही. सई पंधरा वर्षांची आहे. तिला हे घेऊन जगायला लावायचं आहे का तुला?"

मी मान हलवली. नाही.

आणि नाना, मला बरं वाटलं. खरं सांगते, छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. तुमचं नाव मातीत जाणार होतं आणि मला श्वास येत होता. त्या क्षणानंतर मी स्वतःला ओळखत नाही. आत्तापर्यंत मला वाटत होतं की मी एक चूक केलेली बाई आहे. मग कळलं, मला दुसऱ्यांदाही तेच करता येतं आणि त्यात सुख वाटतं.

मंगेश माझ्याशी वाईट वागत नाही. नीट बोलतो. दूध आणलंय, सईची फी भरली, गॅस संपत आलाय. पण मी वाढायला घेतलं की म्हणतो, राहू दे, मी घेतो. मी असलेल्या खोलीत तो बसत नाही. काहीतरी आठवल्यासारखं करून उठतो. मला वाटतं तो मला सोडणार नाही, आणि माफही करणार नाही. आम्ही दोघं सईसमोर हे असंच निभावत नेणार.

तुम्हाला असं वाटेल की मी माफी मागायला लिहिते आहे. नाही, नाना. तुम्ही माफ कराल हे मला माहीत आहे, म्हणून तर ती माझ्याने मागवत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, होतं असं, चल, हवा परत काढू. पण हे परत काढता येत नाही.

काल संध्याकाळी नामपूरहून तुमच्या थोरल्या भावाचा, आण्णांचा फोन आला. त्यांचे गुडघे पार गेलेत, म्हणून ते तुमच्या दहाव्यालाही येऊ शकले नाहीत. हल्ली ऐकूही कमी येतं, म्हणून मंगेशने फोन स्पीकरवर टाकला होता. आण्णा रडतच बोलत होते. "मंगेश, ब्रेकना काममा तर तो देव व्हता रे. त्याना हातनं कसं चुकनं? माले पटतच नही."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मंगेशने माझ्याकडे बघितलं. इतके दिवस तो हे रागाने म्हणत होता, माहीत नसताना म्हणत होता. काल त्याला माहीत होतं. नजर न काढता तो म्हणाला, "वय झालं होतं, आण्णा. काहीतरी राहिलं त्यांच्याकडून."

पलीकडे आण्णांनी नाक ओढलं. मग आण्णा म्हणाले, "जाऊ दे. नाना बी मानूसच शे."

त्यांनी तुम्हाला माफ केलं, नाना. मी चार पावलांवर उभी होते. बोलले असते तर त्यांना ऐकू गेलं असतं.

तुमची,
वैशाली